कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधील कंत्राटदार
टेक्सासमध्ये कंत्राटदारांना परवान्याची सक्ती नसल्यामुळे घरदुरुस्ती स्वस्त पडते, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. तेथे सर्वसाधारण बांधकाम कंत्राटदाराला राज्याचा परवाना लागत नाही हे खरे, परंतु वीज, प्लंबिंग आणि वातानुकूलनाच्या कामांना तो लागतोच. कॅलिफोर्नियात परवान्यासाठी चार वर्षांचा अनुभव आणि २५,००० डॉलरचा बाँड (कंत्राटदाराने नियम मोडल्यास भरपाईची हमी देणारा करार) लागतो, शिवाय घरदुरुस्तीच्या करारात १,००० डॉलर किंवा एकूण रकमेच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल तिच्याहून जास्त आगाऊ मागता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये कंत्राटदाराचा परवाना क्रमांक राज्याच्या संकेतस्थळावर तपासून मी निर्धास्त झालो होतो. टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये छपराचे काम देण्यापूर्वी मात्र विम्याची कागदपत्रे मागून घेऊन, तीन जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन धुराड्याभोवतीचे पत्र्याचे सांधे स्वतः पाहावे लागले.