१९६८चा एथ्निक स्टडीजचा संप आणि आपला सीमाभाग

खानापूरची विद्यार्थिनी:
नमस्कार. मी बेळगावात इतिहास घेऊन एम.ए. करते. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर १९६८ मध्ये संप पुकारला आणि त्यातून तिथे एथ्निक स्टडीजची, म्हणजे कृष्णवर्णीय व इतर गौरेतर समाजांच्या इतिहास-संस्कृतीच्या अभ्यासाची, स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली, हे मी वाचले आहे. आपल्या समाजांचा इतिहास आहे त्याच विभागात शिकवावा, एवढी मागणी त्यांना का पुरली नाही? इथल्या भाषा आणि इतिहासाच्या अभ्यासासाठी आमच्या विद्यार्थी गटाला निवेदन द्यायचे आहे, आणि आमच्यात याच मुद्द्यावर मतभेद आहेत. बी.ए.ला मला मराठी साहित्य शिकायला मिळाले, पण आजोबांच्या पेटीतले मोडी कागद मला आजही वाचता येत नाहीत आणि आमच्या घरातील कानडी वळणाच्या मराठीबद्दल वर्गात कधी चर्चाही झाली नाही.

निवृत्त प्राध्यापक, टिळकवाडी:
कोणी शिकवायचे आणि काय शिकवायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांना हवा होता. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या ब्लॅक स्टुडंट्स युनियनच्या १० आणि गौरेतर विद्यार्थी संघटनांची आघाडी असलेल्या थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंटच्या ५ मागण्या पाहा: स्वतंत्र पदवी देण्याचा अधिकार, एथ्निक स्टडीजसाठी अध्यापकांची ५० पदे आणि वंचित समाजांतील मुलांना प्रवेश. पदे आणि पदवी नसेल तर नवा विषय दुसऱ्याच्या वेळापत्रकातला एक पेपर होऊन राहतो, आणि तो शिकवणारा निवृत्त झाला की बंद पडतो. हे मी नोकरीत स्वतः पाहिले आहे. जानेवारी १९६९ मध्ये अनेक अध्यापकही संपात उतरले, शेकडो जणांना अटक झाली आणि मार्चमध्ये तडजोड झाली. मात्र ब्लॅक स्टडीजची (कृष्णवर्णीयांच्या इतिहास-संस्कृतीच्या अभ्यासाची) उभारणी ज्यांच्याकडे सोपवली होती, त्या नेथन हेअर यांना पुन्हा नोकरीत घेतले गेले नाही, हेही विसरू नये.

शिक्षिका, निपाणी:
सरांच्या म्हणण्याला एक जोड देते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांनी त्याच १९६९ साली स्वतंत्र महाविद्यालय मागितले आणि त्यांच्या पदरात एक विभाग पडला. म्हणून मागणीचा मसुदा पहिल्या दिवसापासून नेमका असावा. माझे स्पष्ट मत असे, की तुम्ही केवळ मराठीचा विभाग मागू नये. १९५६पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. इथला भूतकाळ समजून घ्यायचा तर मोडी आणि कन्नड या दोन्ही लिपी वाचता यायला हव्यात, आणि उर्दू व कोकणी बोलणारी घरेही अभ्यासात यायला हवीत. कन्नड माध्यमातील मुले सोबत असतील, तर या मागणीला सीमावादाचे लेबल लावून ती बाजूला सारणे अवघड जाईल. संविधानाच्या २९व्या कलमात भाषा, लिपी व संस्कृती जपण्याचा हक्क आहे; त्याचा उल्लेख निवेदनात अवश्य करा.

खानापूरची विद्यार्थिनी:
सर, बाई, मनापासून आभार. कन्नड विभागातील दोन मैत्रिणींशी आजच बोलले. निवेदन दोन्ही भाषांत लिहू, आणि त्यात मोडीसाठी एक कायम पद सर्वांत आधी मागू.