मदत हवी आहे: केसपेपरवरील कोरे रकाने मागाहून भरण्यास सांगितले आहे

नमस्कार. मी पुण्यातील एका लहान खासगी रुग्णालयात वैद्यकीय साहाय्यक म्हणून काम करते. बाह्यरुग्ण विभागात बीपी, नाडी, तापमान आणि वजन पाहून केसपेपरवर लिहिणे, ड्रेसिंगच्या वेळी डॉक्टरांच्या हाताशी राहणे आणि दुपारनंतर आंतररुग्णांची कागदपत्रे लावून ठेवणे, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. रुग्णालयाचे नाव, परिसर किंवा रुग्णाची ओळख पटेल असा कोणताही तपशील मी येथे देणार नाही आणि प्रतिसाद देणाऱ्यांनीही तो विचारू नये, अशी विनंती आहे.

आमच्याकडे एका वयस्कर गृहस्थांची आधी ठरलेली शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या रात्री त्यांची प्रकृती बिघडली आणि पहाटे त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. आता ते सुधारत आहेत, परंतु सर्व कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात असा लेखी अर्ज त्यांच्या मुलाने, वडिलांच्या सहीचे अधिकारपत्र जोडून, काउंटरवर दिला आहे. अर्ज मीच घेतला आणि तारीख व वेळ घालून पोचही मीच दिली. झेरॉक्ससाठी फाइल काढली तेव्हा दिसले की, त्या रात्रीच्या टीपीआर चार्टवर (तापमान, नाडी, श्वसन वगैरे वेळेवार लिहिण्याच्या तक्त्यावर) अकरा वाजल्यापासून पहाटे चारपर्यंत एकही नोंद नाही. वरच्या ओळीत निळ्या शाईने लिहिलेला अकराचा बीपी आहे, त्याखालचे रकाने कोरे आहेत आणि मग एकदम चार वाजताची, घाईने लिहिलेली, जेमतेम वाचता येणारी नोंद आहे. डॉक्टरांच्या सूचनांच्या पानावर मात्र दर दोन तासांनी बीपी आणि नाडी पाहावी, असे स्वच्छ लिहिलेले आहे.

व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितले की, फाइल अशी बाहेर जाता कामा नये, आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा मेळ बसेल असे आकडे घालून रकाने भरून टाका. त्या रात्री मी कामावर नव्हते. रात्रपाळीला माझी एक सहकारी एकटी होती आणि सगळा मजला तिच्याकडे होता. तिने बीपी पाहिला पण लिहायचा राहिला, की पाहिलाच नाही, हे तिलाही आता नीट सांगता येत नाही. रकाने भरले तर तिचीच नोकरी वाचेल, असेही मला सांगण्यात आले. ती परगावाहून येऊन येथे खोली घेऊन राहते आणि घरी पैसे पाठवते, त्यामुळे हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. मी अद्याप काहीही लिहिलेले नाही.

याच फाइलमधील शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर रुग्णाची आणि डॉक्टरांची सही आहे, परंतु साक्षीदाराची जागा रिकामी आहे. तेथेही मी सही करावी असे सांगितले आहे. सही झाली त्या वेळी मी खाली काउंटरवर होते.

आमच्या अभ्यासक्रमात वैद्यकीय कायदा आणि नीतिमत्ता हा विषय होता. गोपनीयता, संमती, हयगय यांच्या व्याख्या आम्ही पाठ केल्या आणि परीक्षेत लिहिल्या. पगार देणारी व्यक्ती समोर बसून शांतपणे एखादी गोष्ट करायला सांगते तेव्हा काय करायचे, हे मात्र कोणी शिकवले नाही. म्हणून विचारते. वरिष्ठांच्या सांगण्यावरून मी रकाने भरले, तर जबाबदारी त्यांची की माझी? राहिलेली नोंद मागाहून करण्याची काही रीतसर पद्धत असते का? आणि कोरे रकाने तसेच बाहेर गेले, तर माझ्या सहकारीचे काय होईल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे, कारण हातात वेळ थोडा आहे.

प्रतिसाद १

ताई, मी ग्राहक आयोगासमोर वैद्यकीय प्रकरणे चालवणारा वकील आहे. रुग्णांच्या बाजूने आणि रुग्णालयांच्या बाजूने, अशी दोन्हीकडून कामे केली आहेत. तुम्ही अजून पेन उचललेले नाही हे फार चांगले झाले, आणि ते उचलू नका.

प्रथम मुदतीविषयी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहिता विनियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावी लागतात, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास पोच देऊन ७२ तासांच्या आत ती द्यावी लागतात. २०२३ मध्ये नवे विनियम आले होते, परंतु त्याच महिन्यात ते स्थगित झाले, त्यामुळे २००२ चेच लागू आहेत. हे बंधन डॉक्टरांवर आहे, तुमच्यावर नाही. तुम्ही अधिकारपत्र पाहून अर्ज घेतला आणि पोच दिली, येथे तुमचे काम चोख झाले आहे.

आता मुख्य प्रश्न. पुढे न्यायालयीन कामात पुरावा म्हणून वापरली जावी, या उद्देशाने एखाद्या नोंदवहीत किंवा अभिलेखात खोटी नोंद करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२८ खाली खोटा पुरावा रचण्याचा गुन्हा ठरू शकतो. कलम २२९ मध्ये त्यासाठी न्यायिक कार्यवाहीच्या बाबतीत सात वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. 'साहेबांनी सांगितले म्हणून लिहिले' हा त्यावर बचाव होत नाही. सांगणाराही दोषी धरला जाऊ शकतो, पण त्यामुळे लिहिणारा सुटत नाही, आणि कागदावर अक्षर तुमचे असेल.

व्यवहाराच्या अंगानेही पाहा. रुग्णाचा मेडिक्लेम असेल तर इनडोअर पेपरच्या प्रती विमा कंपनीकडे आधीच गेल्या असण्याची शक्यता मोठी आहे. रुग्ण हलवताना नव्या रुग्णालयाला प्रती दिल्या असतील. नातेवाईक पलंगाशी लावलेल्या चार्टचे फोटो हल्ली सर्रास काढतात. शिवाय मॉनिटर लावलेला असेल तर त्याच्या स्मृतीत मागचे आकडे काही काळ साठून राहतात. कोऱ्या रकान्यांची एक प्रत बाहेर आणि भरलेल्या रकान्यांची दुसरी प्रत आयोगासमोर आली की, मग त्या रात्री उपचार उत्तम झाले होते हे खरे असले तरी कोणी ऐकून घेत नाही. राहून गेलेल्या नोंदीचे स्पष्टीकरण देता येते. बनावट नोंद उघड झाली की उरलेल्या सगळ्या फाइलवरचा विश्वास उडतो, आणि मग बाजू मांडायला माझ्यासारख्या वकिलाच्या हाती काही शिल्लक राहत नाही.

साक्षीदाराच्या सहीचा अर्थ एवढाच की, ही सही माझ्या समोर झाली. तुम्ही समोर नव्हता, तेव्हा सही करू नये. संमती घेणे हे मुळात डॉक्टरांचे काम आहे. आजार काय, शस्त्रक्रिया कोणती, धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत त्यांनीच सांगायचे असते. समीरा कोहली प्रकरणात दुर्बिणीच्या तपासणीसाठी संमती दिलेली महिला भुलीखाली असताना सहायक डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांनी तिच्या आईची सही घेतली. त्यानंतर गर्भाशय काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती संमती ग्राह्य धरली नाही, कारण रुग्ण सज्ञान होती, निर्णय घेण्यास समर्थ होती आणि ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता येणार नाही अशी तातडीही नव्हती. कागदावर कोणाची तरी सही असली म्हणजे संमती झाली, असे नसते.

प्रतिसाद २

मी वॉर्डात सिस्टर म्हणून आयुष्य काढले आणि आता निवृत्त आहे. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी नोंदीची रीत सांगते.

मागाहून नोंद करता येते, पण ती मागाहून केली आहे हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे. जिने बीपी पाहिला तिनेच ती करायची. शेवटच्या नोंदीच्या खाली आजची तारीख आणि आत्ताची वेळ घालायची, 'उशिरा केलेली नोंद' असे लिहायचे, कोणत्या वेळेबद्दल आहे आणि आकडा कशावरून घेतला आहे ते लिहायचे आणि पूर्ण नावानिशी सही करायची. रात्री एखाद्या चिटोऱ्यावर किंवा पाळी बदलताना लिहायच्या हस्तांतराच्या वहीत आकडे टिपलेले असतील तर तो कागद फाइलला जोडायचा. मॉनिटरमध्ये आकडे असतील तर त्यांची प्रिंट काढून ठेवायची, आणि ते काम आजच करा, कारण जुने आकडे आपोआप पुसले जातात. चुकलेला शब्द एका आडव्या रेघेने खोडायचा, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. व्हाइटनरला तर केसपेपरजवळ येऊच द्यायचे नाही. आठवत नसेल तर लिहायचे नाही, आणि जी त्या रात्री वॉर्डात नव्हती तिने तर काहीच लिहायचे नाही.

बाळ, तुझ्या सहकारीची काळजी तुला वाटते हे बरोबर आहे, पण तिचे रक्षण या मार्गाने होणार नाही. उद्या तिला विचारले जाईल की हे आकडे तुझे आहेत का, आणि ती मुलगी 'हो' म्हणाली तर खोट्यात तीही अडकेल. तिच्या बाजूची खरी गोष्ट वेगळी आहे. सगळा मजला एकटीवर होता, हे तिने आत्ताच, आठवण ताजी असताना, डॉक्टरांना लेखी कळवावे. किती रुग्ण होते, कोणाकडे धावावे लागले, आरएमओंना (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांना) फोन केव्हा केला, हे सगळे त्यात यावे. रात्रीच्या वॉर्डात माणसे कमी ठेवणे हा तिचा निर्णय नव्हता. आकड्यांनी रकाने भरले की ही गोष्ट कायमची झाकली जाते, आणि पुढच्या रात्री पुन्हा एकच मुलगी सगळा मजला सांभाळते. माझा राग आहे तो यावर.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सिस्टर, सहकारीला तुमचा प्रतिसाद दाखवला. ती आज तिची हकिगत लिहून काढत आहे. मॉनिटरचे आकडे मिळतात का, हे आमच्या आरएमओंना विचारले आहे. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नकार कोणत्या शब्दांत द्यावा? आणि माझ्या सुरक्षेसाठी त्या चार्टचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

नकार तोंडी देऊ नका आणि आरोपाच्या भाषेतही देऊ नका. व्यवस्थापकांना नव्हे, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना उद्देशून चार ओळी लिहा: 'प्रतींची मागणी अमुक तारखेला व वेळेला प्राप्त झाली आहे. टीपीआर चार्टवर अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत नोंदी आढळत नाहीत. त्या पाळीत मी कामावर नसल्याने त्याबाबत मला माहिती नाही व मी नोंद करू शकत नाही. संमतीपत्रावरील साक्षीदाराच्या सहीबाबतही हेच लागू आहे. कृपया मार्गदर्शन करावे.' त्याची एक प्रत पोच घेऊन स्वतःजवळ ठेवा. अनेकदा डॉक्टरांना या सूचनेची कल्पनाच नसते आणि असे पत्र पाहिल्यावर ते स्वतःच थांबवतात.

फोटो मात्र काढू नका. ती माहिती रुग्णाची आहे, आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये ती ठेवल्यास गोपनीयतेच्या भंगाचा ठपका उलट तुमच्यावर येईल. त्याऐवजी फाइलच्या प्रत्येक पानावर क्रमांक घाला, प्रती देताना पानांची यादी करा आणि त्या यादीवर घेणाऱ्याची सही घ्या. पान बदलले किंवा वाढले तर ते त्या यादीवरून लगेच दिसते.

यावरून नोकरीत त्रास सुरू झाला, तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. तुमच्या सहकारीलाही हे सांगा. आणि रुग्णालयाविरुद्ध तक्रार झालीच, तर कर्मचाऱ्यांच्या कृतीची जबाबदारी रुग्णालयावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने सविता गर्ग प्रकरणात २००४ मध्ये स्पष्ट केले आहे. एकट्या रात्रपाळीच्या मुलीवर सगळे ढकलून मोकळे होणे त्यांना सोपे जाणार नाही, हेही तिला समजावून सांगा.