मदत हवी आहे: लेझरने सेन्सरवर पॉलिमर उतरवताना कडा फाटतात

नमस्कार मंडळी,

लेझर किंवा पातळ फिल्मवर काम केलेलं इथे कुणी असेल तर कृपया वाचा.

क्वार्ट्झच्या सॉ सेन्सरवर (SAW, म्हणजे पृष्ठभागावरून जाणाऱ्या ध्वनिलहरींवर चालणारा सेन्सर), टोल्युइनची वाफ ओळखण्यासाठी, पॉलीआयसोब्युटिलीनचा अर्धा मिलिमीटरचा चौकोन बसवायचा आहे. त्याला खेटूनच दुसऱ्या पॉलिमरचा चौकोन हवा. स्पिन कोटिंग (द्रावण टाकून गरगर फिरवून थर पसरवणं) इथे चालत नाही. ते सगळीकडे पसरतं, शिवाय दुसऱ्या थराचं द्रावक पहिला थर विरघळवून टाकतं. म्हणून लिफ्ट (LIFT, लेझर-इंड्यूस्ड फॉरवर्ड ट्रान्सफर) पद्धत घेतली. बोहँडी आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये तांब्याची फिल्म वापरून दाखवलेली तीच: पारदर्शक पट्टीवर फिल्म, पट्टी उलटी धरायची, मागून लेझरचा एक पल्स, की तेवढाच तुकडा सुटून खाली बसतो. कोरडं काम, द्रावकाचा प्रश्नच नाही. मला ही पद्धत मनापासून आवडते, सोडायची नाही.

मांडणी अशी: एनडी-याग लेझर, 355 नॅनोमीटर, नॅनोसेकंदांचे पल्स. क्वार्ट्झच्या पट्टीवर 60 नॅनोमीटर टायटॅनियम (लेझर शोषून तुकडा ढकलणारा थर), त्यावर 250 नॅनोमीटर पॉलिमर. अंतर साधारण 30 मायक्रॉन, उघड्या हवेत.

चौकोनाचा मधला भाग छान बसतो. कडांना मात्र पॉलिमर तुटत नाही, रबरासारखं ताणलं जातं आणि धागे लोंबतात. मायक्रोस्कोपखाली एखादा कोपरा दुमडलेला दिसतो, भोवती टायटॅनियमचे चकचकीत कण. हे कण इलेक्ट्रोडच्या बोटांसारख्या पट्ट्यांमध्ये पडले की सेन्सर शॉर्ट! ऊर्जा कमी केली तर तुकडा सुटत नाही, वाढवली तर चिंध्या.

टायटॅनियमऐवजी काय वापरू? आणि कडा स्वच्छ कशा कापल्या जातील?

प्रतिसाद:
दोन्ही दुखणी वेगळी आहेत, एकत्र सोडवू नका. आधी बीम तपासा. थर्मल पेपरवर एक पल्स मारा. डाग मध्ये गडद आणि कडेला फिका असेल, तर कडेला ऊर्जा पुरत नाहीये. मधला भाग सुटतो आणि कडा ओढत नेतो. होमोजनायझर (बीमची ऊर्जा सगळीकडे सारखी करणारं साधन) लावा, नाहीतर बीम मोठा करून फक्त मधला सपाट भाग मास्कमधून घ्या. कोपरा दुमडतो त्यामागे बहुधा पल्समुळे हवेत उठणारा आघात तरंग (शॉक वेव्ह) आहे. तो खालच्या पृष्ठभागावर आपटून परततो आणि उडत्या तुकड्यालाच धडकतो. हवेचा दाब कमी केला की त्याचा जोर ओसरतो. अंतरही कमी करून बघा.

धातू मात्र काढाच. त्याच्या जागी ट्रायाझीन (triazene) पॉलिमर उत्तम, त्याचा बहुतेक वायूच होतो, पण त्यावरचं बरंचसं काम 308 नॅनोमीटरच्या एक्सायमर लेझरवर झालंय. 355 ला पॉलिइमाइड चांगलं शोषतं. काही मायक्रॉनचा थर फुगतो, फुटत नाही, त्यामुळे खाली कचरा पडत नाही. हा प्रकार लहान ठिपक्यांवर जास्त भरवशाचा, तेव्हा अर्ध्या मिलिमीटरचा चौकोन छोट्या ठिपक्यांनी भरता येतो का बघा. थर्मल पेपरच्या डागाचा फोटो इथे टाकाल का?