लॅबचं (लॅब्राडोर कुत्र्याचं) पिल्लू घरी आणण्याआधी काय काय बघून घ्यायचं?

मोगरा_नाशिक
नमस्कार मंडळी, येत्या रविवारी लॅबचं पिल्लू बघायला सिन्नरला जायचंय. विकणारे म्हणतात ४० दिवसांचं आहे, सगळ्या लसी झाल्यात, लवकर या नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आमच्याकडे याआधी कधी कुत्रं नव्हतं. मुलगी ९ वर्षांची आहे, तिने वाटी, गादी सगळं आणून ठेवलंय, त्यामुळे आजारी पिल्लू घरी यायला नको असं फार वाटतंय. तिथे गेल्यावर नेमकं काय बघू?

वाडीवरचा
ताई, ४० दिवसांत सगळ्या लसी होऊच शकत नाहीत. पहिला डोस साधारण ६ ते ८ आठवड्यांत, मग दर ३-४ आठवड्यांनी पुढचे, ते पार १६ आठवड्यांपर्यंत चालतात आणि रेबीजची तर ३ महिन्यांनंतर. आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाच बंदी आहे, २०१७ चे केंद्राचे नियम आहेत तसे. मी स्वतः ही चूक केलीय हो. ३५ दिवसांचं आणलं होतं, पहिले दोन दिवस मस्त खेळलं, तिसऱ्या दिवशी जेवण सोडलं, मग उलट्या, मग रक्ताची शी, त्याचा वास अजून नाकात आहे माझ्या. पार्वो, म्हणजे कुत्र्यांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. चार दिवस सलाईन लावून पण गेलं. डॉक्टर म्हणाले येतानाच घेऊन आलं असणार, लागण झाल्यावर लक्षणं दिसायला ३ ते ७ दिवस जाऊ शकतात. म्हणून एकटं पिल्लू बघू नका, त्याची भावंडं बघा. एकाला जरी जुलाब असतील तरी तिथून उठा.

श्वानसेवा_कराड
मी जनावरांच्या दवाखान्यात ११ वर्षं मदतनीस आहे. आधी आईला दाखवा म्हणा, ती "गावाला आहे" म्हणाले की समजून जा. मग पिल्लाचा ओठ वर करून हिरडी बघा, गुलाबी पाहिजे, बोटाने दाबून सोडली की पांढरी झालेली २ सेकंदात परत गुलाबी व्हायला हवी. पांढरट असेल तर जंत नाहीतर गोचिडांनी रक्त प्यालेलं. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड लपतात, तिथे जरूर बघा. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या दिसतायत म्हणजे जंत, लोक त्याला गुटगुटीत समजतात. डोळ्या-नाकातून घट्ट पू येत असेल तर नकोच. शेपटीखाली घाण चिकटलीय का, बेंबीला गाठ आहे का, हेही बघा, बेंबीची छोटी गाठ बरेचदा निभावते पण डॉक्टरांना दाखवा. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही-शिक्का हवा, नुसती पेनाने लिहिलेली तारीख धरू नका. आणि पैसे देण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडे तपासून घेऊ द्या म्हणायचं, जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका.

वाडीवरचा
अजून एक राहिलं, तुमच्या घरात आधीच्या भाडेकरूंकडे वर्षभरात पार्वोने कुत्रं गेलंय का विचारा. तो विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, फिनाईलने जात नाही. फरशी आधी साफ धुवायची, मग १ भाग ब्लीच ३० भाग पाण्यात घालून पुसायची.

मोगरा_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आले. आई दाखवली नाही, कार्डावर एकही स्टिकर नाही, आणि कोपऱ्यातलं एक पिल्लू मान खाली घालून बसलेलं, उठतच नव्हतं. घेतलं नाही. मुलगी येताना गाडीत खूप रडली आणि खरं सांगते मला पण त्या कोपऱ्यातल्याचंच वाईट वाटतंय. त्याला डॉक्टरकडे न्या म्हणून सांगून आलेय, आज परत फोन करणार आहे. आता आमच्या डॉक्टरांच्या ओळखीत एका घरी ६ आठवड्यांची पिल्लं आहेत, आईसकट बघितली, ८ आठवडे झाल्यावरच देणार म्हणाले.