वय तपासा, पण ओळख साठवू नका

'दारू घेताना वयाचा दाखला दाखवतोच, मग प्रौढ (अश्लील) मजकुराच्या साइटवर दाखवायला काय हरकत?' असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. मुलांना या मजकुरापासून दूर ठेवायलाच हवं, त्यावर वादच नाही. पण दुकानदार कार्ड बघून परत देतो. इथे त्याचा फोटो कुणाच्या तरी सर्व्हरवर जातो आणि खरंच पुसला गेला का, हे आपल्याला कळत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपच्या कंपनीनेच सांगितलं की, बाहेरच्या कंत्राटदाराकडून सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत. ते वयाच्या तपासणीसाठीच दिलेले होते! प्रौढ मजकुराच्या साइटवरून अशी यादी बाहेर आली तर माणसाची नोकरी, संसार, सगळंच पणाला लागतं.

यावर फ्रान्सचा मार्ग बघण्यासारखा आहे. तिथल्या आर्कॉम या नियामक संस्थेच्या २०२४ च्या नियमांनुसार साइटने 'दुहेरी अनामिकते'चा किमान एक पर्याय द्यायलाच हवा. म्हणजे वय तपासणाऱ्याला तुम्ही कुठल्या साइटवर जाताय ते कळत नाही आणि साइटला तुम्ही कोण ते कळत नाही. '१८ पूर्ण' एवढाच पुरावा पोचतो. व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशातून आलोय असं साइटला भासवणारी सोय) वापरून काही मुलं यातूनही निसटतील, हे मान्य. त्यासाठी फोनवरचं पालक-नियंत्रण लागेलच.