सासरच्या प्रेमळ माणसांच्या अपेक्षा पटत नसतील, तर जुळवून कसे घ्यावे?

प्रश्न

नमस्कार. माझे पती आणि मी अगदी वेगळ्या संस्कृतींत वाढलो. माझ्या माहेरी घरकाम सगळ्यांचे मानले जाई आणि वडीलधाऱ्यांना वेगळे मत सांगणे हा उद्धटपणा ठरत नसे. सासरी मात्र सुनेने काय करावे आणि कोणासमोर किती बोलावे, हे न बोलता ठरलेले आहे. माणसे प्रेमळ आहेत, हे मुद्दाम सांगते; माझ्या आजारपणात सासूबाईंनी माझे जे केले, ते मी कधीच विसरणार नाही. पण आम्ही तिकडे गेलो, की जेवण आटोपताच सासूबाई आणि नणंद आवराआवरीला उठतात, सासरे आणि माझे पती बोलत राहतात, आणि मी बसून राहिले तर गप्पांमध्ये क्षणभर खंड पडतो. उठले तर मनात चीड येते आणि बसले तर अपराधी वाटते. आता माझी नोकरी आणि मी न बदललेले आडनाव हे विषयही निघू लागले आहेत. पती म्हणतात, ‘थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, सांभाळून घे.’ नाती न दुखावता मी माझ्या म्हणण्यावर ठाम कशी राहू?

प्रतिसाद १

आपण सांगितलेल्या गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत, असे मला वाटते. आवराआवरीला हात लावणे हा त्या घरातल्या वावराचा भाग आहे, आणि तिथे आपण आपल्या मर्जीने थोडे पुढे-मागे झालात तर काही गमावत नाही. नोकरी आणि आडनाव यांचे तसे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७९ साली स्वीकारलेल्या, स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्यासाठीच्या करारातील सोळावे कलम आडनाव, पेशा आणि व्यवसाय निवडण्याचा हक्क पती-पत्नींना समान असल्याचे सांगते. हे कलम सासरी वाचून दाखवण्यासाठी नाही. आपण काही जगावेगळे मागत नाही, एवढी खात्री आपल्या मनाशी असावी म्हणून लिहिले.

सासूबाईंच्या बाजूचाही विचार व्हावा. समाजशास्त्रज्ञ डेनिझ कँडियोटी यांनी १९८८ साली मांडले होते, की पितृसत्ताक कुटुंबात तरुण सून सर्वांत खालच्या स्थानी येते आणि पुढे स्वतः सासू झाल्यावर तिला सुनांवर अधिकार मिळतो. त्यामुळे जुनी रीत मोडू लागली, की जिने सारे आयुष्य ती निमूटपणे पाळली, तिला आपल्या कष्टांचे फळ हातचे जाते आहे असे वाटते. आपल्या सासूबाईंना नेमके हेच वाटत असेल असे मी म्हणत नाही, पण त्यांच्या तरुणपणाविषयी त्यांना निवांतपणे विचारून पाहा. त्यांच्या कष्टांची कदर झाली, तर आपला वेगळा निर्णय त्यांना स्वतःचा अपमान वाटण्याची शक्यता कमी होते. अपेक्षांच्या जागी कधी धमकी आली, किंवा आपले पैसे, फोन, येणे-जाणे यांवर ताबा आला, तर मात्र तो संस्कृतीतील फरक समजून सहन करू नका.

प्रतिसाद २

मी पुरुष आहे आणि मला आपल्या पतींविषयीच लिहायचे आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार ६४ देशांतील बिनपगारी घरकाम आणि सांभाळाच्या कामाचा ७६.२ टक्के भार स्त्रिया उचलतात. तेव्हा हा प्रश्न एका घराचा नाही आणि थोड्या दिवसांचाही नाही. स्वतःच्या आईवडिलांशी बोलण्याचे काम आपल्या पतींचे आहे. मात्र ‘हिला हे आवडत नाही’ असे त्यांनी म्हटले, तर मुलगा निर्दोष आणि सून दोषी, एवढाच अर्थ घेतला जाईल. ‘आई, हा आमचा दोघांचा निर्णय आहे आणि मला तो मनापासून पटला आहे’ असे त्यांनी, शक्यतो आपण खोलीत नसताना, म्हणायला हवे.

प्रतिसाद ३

वरील मताशी मी सहमत आहे, पण एक सावधगिरी सुचवते, कारण मी स्वतः सासू आहे. मुलगा एरवी कधी कामाला हात लावत नसेल आणि बायकोसमोर अचानक उठला, तर आईला ते सुनेने शिकवलेले वाटते आणि राग सुनेवरच निघतो. त्याने आधी सकाळी, आई एकटी असताना, तिच्याबरोबर कामाला उभे राहावे आणि ते रोज करावे. आणखी एक गोष्ट म्हणजे नणंदेला परकी समजू नका. तीही कदाचित मनाविरुद्धच उठत असेल.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नणंदेचा विचार मी या दृष्टीने केलाच नव्हता. पुढच्या भेटीआधी पतींशी सविस्तर बोलेन. फक्त एक शंका उरते: ते जवळ नसताना एखाद्या नातेवाइकाने नोकरी कधी सोडणार असे सर्वांदेखत विचारले, तर काय म्हणावे?

प्रतिसाद २

‘नोकरी सोडण्याचा आमचा विचार नाही’ एवढेच शांतपणे सांगावे आणि त्यांच्या घरच्यांची विचारपूस करावी. कारणे देऊ नयेत, कारण कारण दिले की त्यावर वाद सुरू होतो. घरी परतल्यावर हा प्रसंग पतींना त्याच दिवशी सांगावा, म्हणजे त्या नातेवाइकांशी पुढचे बोलणे ते करतील.