कोरड्या नायट्रोजनमध्ये हिऱ्याचा थर घासतोय: हायड्रोजन प्लाझ्मा की फ्लोरिन?

प्रश्न: सिलिकॉन कार्बाइडच्या सीलवर सीव्हीडी हिऱ्याचा (म्हणजे वायूतून जमवलेल्या कृत्रिम हिऱ्याचा) थर, समोरच्या घासणाऱ्या बाजूलाही तोच. पॉलिश केलेला, खडबडीतपणा १० नॅनोमीटरच्या आत. सल्फ्युरिक-नायट्रिकच्या ३:१ मिश्रणात उकळून साफ केला. दमट हवेत घर्षणांक ०.०५च्या आसपास. कोरड्या नायट्रोजनमध्ये थोडा वेळ ठीक चालतो, मग एकदम ०.३च्या वर जातो आणि चरे पडतात. पृष्ठभागावर कोणती प्रक्रिया करावी?

उत्तर १: घासताना पृष्ठभागावरचे अणू निघतात आणि कार्बनचे बंध मोकळे पडतात. दमट हवेत पाण्याची वाफ तुटून तिथे हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसतात. कोरड्यात भरायला काहीच नाही, मग ते समोरच्या कार्बनलाच धरतात.

आम्लामुळे तुमचा पृष्ठभाग ऑक्सिजनने झाकलेला आहे. त्या ऑक्सिजनच्या जागी हायड्रोजन बसवा: २.४५ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हने पेटवलेला हायड्रोजनचा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू), ७०० ते ८०० अंश सेल्सियस, १०-१५ मिनिटं पुरे. जास्त वेळ ठेवलात तर खड्डे पडतात, पॉलिश वाया. प्लाझ्मा बंद केल्यावर हायड्रोजन चालूच ठेवा. तुकडा पुरता निवायच्या आत हवा लागली तर केलेलं सगळं पाण्यात.

तपासणी सोपी आहे. तुकडा काही तास हवेत ठेवून मल्टिमीटरच्या सुया टेकवा. आम्लानंतर वाचनच येत नाही, हायड्रोजन नीट बसला असेल तर पृष्ठभाग वीज वाहतो आणि रोध किलोओहममध्ये येतो. बोरॉन मिसळलेल्या थरावर ही युक्ती चालत नाही, तो मुळातच वीज वाहतो.

उत्तर २: वरचं बरोबर, पण हा अणूंचा एकच थर आहे. घासून गेला की पुन्हा तीच गत. खरा उपाय वायूत आहे: १-२ टक्के सापेक्ष आर्द्रताही फरक पाडते, भार वाढला तर जास्त लागते.

फ्लोरिनबद्दल जपून. सीएफ४ (कार्बन-फ्लोरिनचा वायू) प्लाझ्मात कधी कधी फ्लोरोकार्बनचा पातळ लेप बसतो. पाण्याचा थेंब त्यावर छान गोल उभा राहतो, माणूस खूश होतो, आणि पहिल्या काही फेऱ्यांतच लेप निघून येतो. शिवाय सिलिकॉन कार्बाइडच्या उघड्या कडा हाच प्लाझ्मा खातो.

प्रश्नकर्ता: ओलावा चालणार नाही. आणि समोरची बाजू पोलादाची केली तर?

उत्तर २: नको. तापलेल्या लोखंडात कार्बन विरघळतो, ती झीज हायड्रोजनने थांबत नाही. हिऱ्यासमोर हिराच ठेवा आणि नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन सोडून पाहा. पाण्याइतका तो पटकन काम करत नाही, त्यामुळे भार कमी ठेवूनच सुरुवात करा.